जागा चुकली म्हणे!

आमच्या फॅमिली ग्रुपवर अमोल पालेकरांचा तो २०१९ चा व्हिडिओ परत एकदा फिरून आला आणि माझं डोकं परत एकदा फिरलं. ज्यांना आठवत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: मुंबईच्या एनजीएमएमध्ये (आधुनिक कलेचं सरकारी म्युझियम) प्रभाकर बरव्यांच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन होतं, उद्घाटनाला पालेकर बोलायला उभे राहिले आणि बोलता बोलता म्हणाले की इथली स्थानिक कलाकारांची सल्लागार समिती बरखास्त झालीय, आता इथल्या भिंतींवर काय लागणार ते दिल्लीहून ठरणार. तर त्यांना मधेच अडवलं, की बरव्यांबद्दल बोला. एवढंच. मारामारी नाही, काळं फासणं नाही.

त्यावर सांगलीच्या आमच्या दादाचं (मामेभाऊ, बँकेतून रिटायर, ग्रुपचा न्यायाधीश) मत आलं, "मुद्दा बरोबर असेलही, पण जागा चुकली. औचित्य म्हणून काही असतं की नाही?" खाली अंगठ्यांची रांग. मी लिहिलं की अरे दादा, म्युझियमबद्दल म्युझियममध्ये नाही बोलायचं तर काय भाजी मंडईत बोलायचं? तर उत्तर आलं, "तुमच्या जर्मनीत चालत असेल हे सगळं."

तुमच्या जर्मनीत! आता बोलतेच.

पहिलं म्हणजे बरवे. त्यांची चित्रं शांत, घड्याळं, पानं, रिकाम्या जागा, घोषणा वगैरे काही नाही, म्हणून लोकांना वाटतं की बघा, ही शुद्ध कला, इथे राजकारण कशाला आणलं. पण शुद्ध चित्राला पण भिंत लागते ना, आणि भिंत कुणाच्या ताब्यात आहे हेच तर राजकारण आहे. त्या दिवशी ती भिंत बरव्यांना मिळाली होती, पुढच्यांना मिळणार का हा प्रश्न तिथेच, त्या भिंतीसमोर विचारायचा होता. मला तर त्याहून योग्य जागा सुचत नाही. आणि गंमत बघा, विरोध करणारा कधीच म्हणत नाही की टीका करू नका. टीका करा हो, जरूर करा, फक्त इथे नको. आत्ता नको. असं नको. घाशीराम १९८० मध्ये युरोपला निघालं तेव्हाही हेच होतं की, पुण्या-मुंबईत वाद घातलेत ते घातलेत, पण बर्लिनला जाऊन पेशवाईची बदनामी नको. म्हणजे पत्ता बदलला की गुन्हा.

तर जर्मनीतलं आमचं कासेल. गाव तसं साधंच आहे, मी शेजारच्या बाउनाटालला नोकरी करते, संध्याकाळी सहानंतर इथे फक्त ट्राम चालते आणि कुत्री फिरवणारे लोक दिसतात. पण दर पाच वर्षांनी डॉक्युमेंटा हे आजच्या कलेचं जागतिक प्रदर्शन भरतं, आणि शंभर दिवस अख्ख्या जगातले चित्रकार, काळे कपडे घातलेले क्युरेटर, आणि आमच्या बेकरीपुढे रांग. हे १९५५ पासून चालू आहे. युद्धानं गाव जवळजवळ साफ झालं होतं, आणि नाझींनी १९३७ मध्ये म्युनिकला 'विकृत कला' म्हणून ज्या चित्रांची टवाळी करायला प्रदर्शन भरवलं होतं, त्याच जातीची चित्रं आर्नोल्ड बोडे नावाच्या माणसानं इथे फ्रिडेरिसियानुम ह्या पडक्या जुन्या म्युझियममध्ये मानानं टांगली. तेव्हा हे जे चाललंय त्याचा पायाच राजकारण आहे, इथे कोणी औचित्य विचारत नाही, असं मी दादाला अगदी ताठ मानेनं लिहिणार होते.

पण मग तो ओबेलिस्क, तो उंच टोकदार खांब आठवला.

२०१७ च्या डॉक्युमेंटात ओलू ओगीबे नावाच्या नायजेरियात जन्मलेल्या कलाकारानं क्योनिग्सप्लाट्झ ह्या चौकाच्या मधोमध सोळा मीटरचा काँक्रीटचा ओबेलिस्क उभा केला. चार बाजूंना चार भाषा, जर्मन, इंग्लिश, तुर्की, अरबी, आणि बायबलमधलं एकच वाक्य, मी परका होतो आणि तुम्ही मला आसरा दिलात. २०१५ मध्ये लाखो निर्वासित आले होते, त्याच्या दोन वर्षांनंतरची गोष्ट. मी रोज तिथेच ट्राम बदलायचे. खरं सांगायचं तर पहिले काही दिवस नुसतीच बघायचे, मग एकदा एक तुर्की आजोबा आपल्या बाजूचं वाक्य बोट लावून वाचताना दिसले आणि मला उगाच भरून आलं, का ते विचारू नका, मी काही निर्वासित नाही, मी ब्लू कार्डवर, म्हणजे शिकलेल्या नोकरदारांच्या परवान्यावर, बिझनेस बॅगेज घेऊन आलेली बाई.

तर त्याचं काय झालं? एएफडी ह्या कट्टर उजव्या पक्षाच्या एका नगरसेवकानं त्याला 'विद्रूप कला' म्हटलं, हा शब्द १९३७ च्या त्या शब्दाच्या इतका जवळचा की कुणाच्याही कानाला कळावं. पण ओबेलिस्क त्यांनी एकट्यांनी नाही हलवला. बाकीचे सभ्य लोक काय म्हणत होते माहितीये? कलाकृती चांगली आहे हो, आम्हाला आवडते, शहर विकत पण घेईल, फक्त क्योनिग्सप्लाट्झ ही जागा नाही, तो चौक मोकळा पाहिजे. ओगीबेचं म्हणणं की ही कलाकृती ह्या चौकासाठीच आहे. शेवटी ३ ऑक्टोबर २०१८ ला पहाटे, जर्मन एकीकरणाच्या सुट्टीच्या दिवशी, क्रेन आणून उतरवला. लोक झोपेतून उठले तर चौक रिकामा. नंतर तडजोड होऊन २०१९ मध्ये तो ट्रेपेनश्ट्रासेत उभा राहिला, आजही आहे, जवळच आहे, दोन मिनिटं चालायचं. पण चौकातल्या गर्दीत परक्याचं वाक्य मधोमध असणं आणि बाजूच्या रस्त्यावर असणं ह्यात जो फरक आहे तो मला कुणी समजावून सांगायला नको, मी इथे रोज जगते तो फरक.

आता दादा म्हणेल, मग झालं ना, सगळीकडे सारखंच! नाही दादा, सारखं नाही. इथे निदान नगरपालिकेत मतदान झालं, पेपरात महिनोन्महिने भांडणं झाली, कलाकाराशी करार झाला. आपल्याकडे २०२३ मध्ये चित्रकार सुझा आणि अकबर पदमसी ह्यांची सात कामं लंडन आणि स्कॉटलंडमधून लिलावात घेऊन मुंबईत आणली तर कस्टमवाल्यांनी अश्लील म्हणून जप्त केली! सुझा म्हणजे गोव्याच्या साळगावचा, ज्याची २०२४ मध्ये जन्मशताब्दी. आणि पदमसींवर १९५४ मध्ये मुंबईतच नग्न चित्रासाठी खटला होऊन ते सुटले होते. सत्तर वर्षांनी परत तेच. मुंबई हायकोर्टाला ऑक्टोबर २०२४ मध्ये सांगावं लागलं की नग्न म्हणजे अश्लील असं नसतं, चित्रं सोडा. हे मी इथल्या कलीगला सांगितलं असतं तर तो हसला असता, म्हणून सांगितलं नाही. उलट त्यानं एकदा विचारलं होतं की तुमच्याकडे कलाकारांना स्वातंत्र्य आहे का, तर मी त्याला सुधीर पटवर्धनांबद्दल अर्धा तास ऐकवलं होतं, की ठाण्यात एक चित्रकार आहे, आधी एक्स-रे काढणारा डॉक्टर होता, दिवसभर दवाखाना आणि उरलेल्या वेळात गिरणी कामगार, लोकल, पूल, उल्हासनगर, लोअर परळ रंगवत बसायचा, ८२ च्या संपानंतर गिरणगावाचं काय झालं ते बघायचं तर त्याची चित्रं बघ. अगदी छाती फुगवून. कस्टमचं नाव नाही काढलं.

ग्रुपवर मात्र फक्त कस्टमचं काढते. असं आहे.

बरं, २०२२ ची डॉक्युमेंटा. इंडोनेशियाच्या रुआंगरुपा ह्या गटाकडे सूत्रं होती, आणि फ्रीडरिखस्प्लाट्झ ह्या चौकात तारिंग पाडी ह्या दुसऱ्या इंडोनेशियन गटाचा प्रचंड मोठा बॅनर लागला, सुहार्तोच्या हुकूमशाहीवर, तिला पोसणाऱ्या बाहेरच्या देशांवर, २००२ मध्ये रंगवलेला. शेकडो आकृत्या. त्यात एक डुकराच्या तोंडाचा सैनिक, गळ्यात ज्यूंचा तारा, आणि दुसरा एक सुळेवाला ज्यू, टोपीवर हिटलरच्या एसएसची खूण. गदारोळ झाला. आधी काळ्या कापडानं झाकला, मग काढला, महिन्याभरात डॉक्युमेंटाच्या प्रमुख बाईंनी राजीनामा दिला. त्या दोन आकृत्या घाणेरड्याच होत्या, ह्यात मला शंका नाही, ह्या देशात तर नाहीच नाही. पण जकार्ताच्या हुकूमशहाबद्दल बोलायला आलेल्या लोकांचं एकही वाक्य नंतर कुणी ऐकलं नाही हेही खरं. काळं कापड आलं तेव्हा मी जेवणाच्या सुट्टीत बघायला गेले होते. अख्खी इमारत झाकल्यासारखं दिसत होतं.

ह्या सगळ्या गोंधळात जे बुडालं ते मला जास्त लागलं. त्याच डॉक्युमेंटात गावाच्या दुसऱ्या टोकाला एका जुन्या कारखान्यात अमोल पाटील नावाच्या मुंबईच्या पोराचं काम होतं. आजोबा पोवाडे म्हणणारे, वडील महापालिकेत नोकरी करून नाटकं लिहिणारे, आणि ह्याच्या कामात चाळ, सफाई कामगार, जातीनं वाटून दिलेली कामं. डफाचा ठेका कासेलमध्ये! मी तिथे बराच वेळ उभी होते, आणि आजूबाजूचे लोक फार गंभीर चेहऱ्यानं बघत होते, आणि मला वाटत होतं की ह्यांना काय कळतंय, आणि लगेच असंही वाटलं की मला तरी काय कळतंय, मी सदाशिव पेठेत वाढले, झाडूवाल्या मावशींना आमच्याकडे वेगळा कप होता. तो कप मी जर्मनांसमोर कधीच काढणार नाही. ग्रुपवरही काढला नव्हता. घरचा आरसा परदेशात बघायला लागला की दोन्ही बाजूंनी अवघड होतं.

फॅमिली ग्रुपवर ह्या कामाचा फोटो टाकला होता. "छान. हवा कशी आहे तिकडे?"

आणि मग नोव्हेंबर २०२३. पुढच्या डॉक्युमेंटाचा संचालक शोधायच्या समितीवर आपल्या मुंबईचे कवी रणजित होस्कोटे होते, मला केवढा अभिमान. २०१९ मध्ये मुंबईत इस्रायली वकिलातीच्या एका कार्यक्रमाविरुद्धच्या पत्रकावर त्यांनी सही केली होती, ती इथल्या पेपरनं शोधून काढली, आणि त्यांच्याकडून खुलासे मागितले गेले. त्यांनी राजीनामा दिला. काही दिवसांत उरलेली समितीही गेली. मुंबईत केलेली सही कासेलमध्ये महागात पडली! दादा, तुझं औचित्य ह्याच्यापुढे काहीच नाही, तिथे निदान जागा तरी एकच होती.

माझ्या ओळखीच्या अनेकांनी त्यांच्या बाजूनं पोस्ट टाकल्या. मी वाचल्या. एकीलाही लाइक केलं नाही.

कारण माझा नागरिकत्वाचा अर्ज. बी-वन ही जर्मन भाषेची परीक्षा झाली, टेस्ट झाली, पगाराच्या स्लिपा जोडल्या, आणि आता कायद्यानं ज्यूंच्या संरक्षणाच्या जबाबदारीबद्दल निवेदनही द्यावं लागतं, त्याला माझी काही हरकत नाही, मनापासून देईन. होस्कोट्यांच्या पोस्टला लाइक केल्यानं अर्ज अडला असता का? बहुतेक नाही. कुणी बघितलंही नसतं. पण बोट पुढे गेलं नाही, आणि मुंबईत असते तर गेलं असतं की नाही हेही मला सांगता येत नाही.

अर्ज मंजूर झाला की आपला पासपोर्ट परत करायचा. ह्या विषयावर आई बोलत नाही. मला मात्र हल्ली चित्रकार हुसेन आठवतात, पंढरपूरला जन्मलेला माणूस, कोर्टानं २००८ मध्ये खटले रद्द केले तरी परत येऊ शकला नाही, २०१० मध्ये कतारचं नागरिकत्व घेतलं, पासपोर्ट परत केला, आणि दुसऱ्या वर्षी लंडनमध्ये गेला. माझी त्यांच्याशी काय तुलना. त्यांना जावं लागलं, मी चांगल्या पगारावर आले. म्हणूनच दादा "तुमच्या जर्मनीत" म्हणतो तेव्हा एवढं झोंबतं, कारण तिकडचं बोलायला माझी जागा नाही असं तो म्हणतो, आणि इकडचं बोलायला माझी जागा नाही असं मीच ठरवून टाकलंय.

तर हे सगळं मी मराठीत लिहितेय. अर्जाची फाइल ज्या बाईंकडे आहे त्यांना मराठी येत नाही. ट्रान्सलेट असतं म्हणा, पण त्यांच्या ऑफिसात अजून फॅक्स चालतो.