बँकॉक, सत्तरीचे आई-वडील आणि 'दिवसभराची गाडीच करा': एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया दोनदा नीट वाचली. इतर वाचकांसाठी तिचा गोषवारा असा: बँकॉकच्या लेखातला ट्रेन-बोटीचा आग्रह पाठीवर सॅक टाकून हिंडणाऱ्यांना ठीक आहे, सत्तरीच्या आई-वडिलांना घेऊन जाणाऱ्याला त्याचा उपयोग नाही, त्याने सरळ दिवसभराची गाडी करावी. 'आज राजवाडा बंद आहे' असं सांगून एका टुकटुकवाल्याने, म्हणजे तिथल्या रिक्षावाल्याने, तुमचा अर्धा दिवस घालवला, त्याबद्दल लेखात अवाक्षर नव्हतं. आणि शाकाहारी माणसाची एका ओळीत बोळवण केली होती.

शेवटच्या दोन तक्रारी पूर्ण मान्य. पहिली अर्धी मान्य.

मान्य असलेला अर्धा भाग विमानतळाचा. सुवर्णभूमीहून एअरपोर्ट रेल लिंकने फया थाईपर्यंत माणशी ४५ बाट पडतात आणि अर्ध्या तासाच्या आत माणूस शहरात पोचतो. पण तिथून पुन्हा बीटीएस (खांबांवरून धावणारी शहरी रेल्वे) पकडायची, म्हणजे बॅगा ओढत जिने किंवा लिफ्ट शोधणं आलं. चौघांचे १८० बाट, वर बीटीएसची तिकिटं. तेवढ्यात थोडी भर घातली की टॅक्सी दारापर्यंत सोडते. मीटर ३५ बाटपासून सुरू होतं, विमानतळाचा आकार ५० बाट, आणि महामार्गाने गेलात तर टोल तुम्ही भरायचा. सुखुमवित भागापर्यंत सगळं मिळून साधारण ३५० ते ४५० बाट होतात. तेव्हा चौघं असाल आणि बॅगा मोठ्या असतील तर टॅक्सीच घ्या. लेखात हे लिहायला हवं होतं.

मात्र ती घ्यायची रीत आहे. आगमन कक्षात 'टॅक्सी, टॅक्सी' करत जवळ येणाऱ्या माणसाच्या मागे जायचं नाही. पहिल्या मजल्यावर उतरायचं, यंत्रातून चिठ्ठी घ्यायची, तिच्यावरच्या क्रमांकाच्या खांबाशी जायचं. यंत्रावर साधी आणि मोठी गाडी असे वेगळे पर्याय असतात; चार मोठ्या बॅगा असतील तर मोठीच निवडा. साध्या टॅक्सीच्या डिकीत बहुधा गॅसची टाकी असते आणि दोन बॅगांतच जागा संपते. ती चिठ्ठी ड्रायव्हरला देऊन टाकू नका. गाडीचा क्रमांक तिच्यावर असतो, मीटरवरून वाद झाला किंवा पिशवी गाडीत राहिली तर तोच एक पुरावा.

आता अमान्य असलेला अर्धा भाग. शहरात दिवसभराची गाडी करणं हा वडीलधाऱ्यांसाठी आराम नाही, शिक्षा आहे, आणि याचं कारण रस्त्यांच्या रचनेत आहे. बँकॉकमध्ये मोठ्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी 'सोय' म्हणजे गल्ल्या फुटतात. त्यातल्या कित्येक पुढे कुठेच निघत नाहीत. त्यामुळे आतली प्रत्येक गाडी त्याच एका मोठ्या रस्त्यावर येऊन ओतली जाते. एकेरी मार्ग बरेच, यू-टर्न लांब, आणि मोठ्या चौकात सिग्नल मिनिटामिनिटांनी लांबतो. सुखुमवितमधल्या असोक चौकातून राजवाडा आठ-नऊ किलोमीटर. संध्याकाळी साडेचार ते साडेसातमध्ये एवढ्याला तास सहज जातो. सत्तरीच्या माणसाला तेवढा वेळ गाडीत अडकून राहणं, त्यात लघवीची अडचण, हे मेट्रोच्या डब्यातल्या वीस-पंचवीस मिनिटांपेक्षा कितीतरी जड जातं. असोकलाच असलेल्या सुखुमवित स्थानकातून एमआरटीची, म्हणजे मेट्रोची, निळी लाइन एकही गाडी न बदलता राजवाड्याजवळच्या सनाम चाय स्थानकाला सोडते, आणि ही लाइन पूर्ण वातानुकूलित आहे.

म्हणून वडीलधाऱ्यांबरोबर जायचं तर पैसे गाडीवर न घालता हॉटेलच्या जागेवर घाला. स्थानकापासून ३००-४०० मीटरच्या आतलं हॉटेल घ्या, शक्यतो एमआरटीजवळचं. 'स्टेशनजवळ' एवढ्या शब्दावर जाऊ नका. नकाशावर सोयच्या तोंडापासून हॉटेलच्या दारापर्यंत अंतर मोजा, कारण एकाच सोयमधली पाच नंबरची आणि पंचेचाळीस नंबरची इमारत यांत किलोमीटरभराचा फरक पडू शकतो. बीटीएसच्या स्थानकात लिफ्ट असते, पण प्रत्येक एक्झिटला नाही. व्हीलचेअरची खूण असलेला एक्झिट कोणता, हे आदल्या दिवशी पाहून ठेवा. आणखी एक: बीटीएसचं रॅबिट कार्ड (पैसे भरून ठेवायचं प्रवासाचं कार्ड) एमआरटीच्या निळ्या लाइनवर चालत नाही. तिथे टॅप करायचं व्हिसा किंवा मास्टरकार्ड चालतं, प्रत्येकाचं कार्ड मात्र वेगळं लागतं.

टॅक्सी शेवटच्या टप्प्यासाठी ठेवा, आणि राजवाड्याला तर ती हवीच. सनाम चायमधून वर आलं की 'वाट फो' हे देऊळ जवळ आहे आणि राजवाड्याची पांढरी भिंत पुढेच दिसते. लोक भिंत बघून चालू लागतात. पण पर्यटकांचं प्रवेशद्वार उत्तरेच्या बाजूला, ना फ्रा लान रस्त्यावर आहे. भिंतीला वळसा घालून किलोमीटरहून जास्त चाल पडते, तीही सावलीशिवाय. हाच वळसा घालणारा, घामाघूम, इकडेतिकडे बघणारा माणूस टुकटुकवाल्यांना लांबून ओळखू येतो.

तुमच्या बाबतीत झालं ते इथेच. पद्धत ठरलेली आहे: नीटनेटके कपडे घातलेला गृहस्थ भेटतो, 'आज बौद्ध सण आहे, दुपारी एकनंतर उघडेल' असं सांगतो, तोवर २०-४० बाटमध्ये दोन-तीन देवळं दाखवायला टुकटुक थांबवतो. वाटेत रत्नांचं नाहीतर शिंप्याचं दुकान लागतं, आणि ड्रायव्हरला पैसे मिळतात ते तिथून. राजवाडा रोज सकाळी साडेआठला उघडतो, तिकीट साडेतीनपर्यंत मिळतं, परदेशी माणसाला ५०० बाट. राजघराण्याच्या समारंभासाठी बंद असलाच तर अधिकृत संकेतस्थळावर तसं लिहिलेलं असतं. रस्त्यावर कोणीही काहीही सांगो, तिकीटखिडकी स्वतः बघेपर्यंत मागे फिरायचं नाही. फसवणूक झालीच तर पर्यटक पोलिसांचा क्रमांक ११५५. साडी, सलवार-कमीज बिनधास्त चालते. बिनबाह्यांच्या कपड्यावर ओढणी घेतलेली चालत नाही.

बोटीबद्दल तुमचा आक्षेप गुडघेदुखी असलेल्यांपुरता खरा आहे. सफान तक्सिन स्थानकाखालच्या साथोन धक्क्यावरून नारिंगी झेंड्याची बोट १६ बाटमध्ये 'था चांग' धक्क्याला सोडते, आणि तिथून राजवाड्याचं दार अगदी जवळ. पण धक्का तरंगता असतो, बोट त्याला टेकते ती अर्धा मिनिट. मागच्या टोकाला उभा असलेला माणूस दोर गुंडाळतो, शिट्टी मारतो, आणि पाय पूर्ण उचलला जायच्या आत बोट हलू लागते. काठी घेऊन चालणाऱ्याला इथे नेऊ नका. बाकीच्यांनी उतरायच्या एक धक्का आधीच मागे येऊन उभं राहावं.

आता जेवण. थाईमध्ये 'शाकाहारी' असं नुसतं सांगून भागत नाही, कारण मासा दिसला नाही तरी चवीला नाम प्ला, म्हणजे माशाचं पाणी, पडतंच. पॅड थाई (परतलेल्या शेवया) आणि सोम तम (कच्च्या पपईची कोशिंबीर) या दोन्हींत ते असतं, बहुधा सुकी कोळंबीही. शब्द लक्षात ठेवायचा तो 'जे'. 'किन जे' म्हटलं की मांस, मासे, नाम प्ला, अंडं, दूध सगळं वगळलं जातं, आणि लसूण-कांदासुद्धा. कांदा-लसूण न खाणाऱ्यांची सोय याच शब्दात आहे. कंदमुळं मात्र वेगळी विचारावी लागतात. दुकानावर पिवळा झेंडा आणि त्यावर लाल अक्षरं असतात. ती दोन अक्षरं आपल्या डोळ्यांना इंग्रजी आकड्यातल्या सतरासारखी दिसतात. सेव्हन-इलेव्हनमधल्या पाकिटांवरही तीच खूण शोधा. 'मांगसविरत' हा दुसरा शब्द, त्यात अंडं-दूध चालतं. झेंडा नसलेल्या ठिकाणी 'माय साय नाम प्ला' (माशाचं पाणी नको) आणि 'माय साय खाय' (अंडं नको) ही दोन वाक्यं सांगा, पण कढई तीच असणार हे धरून चला. चार दिवसांत आईला वरण-भात, पोळीच हवी झाली तर फाहुरात भागात जा. साम योत स्थानकावरून चालत जाता येतं, गुरुद्वाराच्या आसपास भारतीय खाणावळी आहेत.

राजवाड्याचं दार, चिठ्ठीचं यंत्र आणि 'जे'ची खूण हे तिन्ही मूळ लेखात घातलं आहे. परतीच्या विमानाच्या दिवशी गर्दीची वेळ येत असेल तर टॅक्सीला किमान दीड तास धरा. नाहीतर मोठ्या बॅगा टॅक्सीने एकाबरोबर आधी पाठवा आणि आई-वडिलांना मक्कासान स्थानकावरून रेल लिंकने आणा. एमआरटीचं फेत्चबुरी स्थानक त्याला पुलाने जोडलेलं आहे.