बदलापूर 2005 नंतर उगवलं म्हणे!

पावसाचा जोर वाढला की आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एक मेसेज न चुकता येतो. यंदाही आला. मजकूर साधारण असा: ‘बदलापूर म्हणजे 2005 च्या पुरानंतर बिल्डरांनी माळावर उभं केलेलं शहर. आधी इथे काही नव्हतं. लोक फक्त झोपायला येतात. बारवी धरण उशाशी असल्यामुळे पाण्याची चंगळ, आणि त्याच बारवीचं पाणी सोडलं की शहर बुडतं.’ खाली हात जोडलेले.

‘आधी काही नव्हतं’ म्हणे. कल्याणहून कर्जतजवळच्या पळसदरीकडे जाणारी रेल्वे 1856 साली इथूनच गेली. 1983 मध्ये कल्याण महापालिका झाली तेव्हा कुळगाव-बदलापूर (रुळांच्या एका बाजूला कुळगाव, दुसऱ्या बाजूला मूळ बदलापूर गाव) तिच्यात घातलं होतं, 1992 मध्ये बाहेर काढून वेगळी नगरपालिका केली. 2001 च्या जनगणनेत लोकसंख्या 98 हजारांच्या घरात होती. 2011 मध्ये ती 1 लाख 74 हजारांवर गेली. वाढ दांडगी आहे, नाही कोण म्हणतो? पण पूर यायच्या आधीच शहर लाखाच्या उंबऱ्यावर होतं. आणि माळ कुठला? कात्रप, शिरगाव, बेलवली, मांजर्ली, सोनिवली ही नांदती गावं होती. कुळगावातली जुनी माणसं रूळ ओलांडून पलीकडे निघाली की अजूनही ‘गावात जाऊन येतो’ म्हणतात. (त्या पलीकडच्या बाजूला आपण पश्चिम म्हणतो, पण नकाशा उघडून बघा, ती जवळपास ईशान्य आहे. मुंबईची पूर्व-पश्चिम रुळांबरोबर वळत वळत इथवर आली.)

झोपायला येतात, हे अर्धं खरं. सीएसएमटी इथून 68 किलोमीटर, म्हणजे जाण्यायेण्यातच दिवसाचे तीन तास गेले. पण इथल्या एमआयडीसीत पाळीला जाणारे आहेत, आणि मे-जूनमध्ये स्टेशनबाहेर पानांच्या द्रोणात जांभळं-करवंदं घेऊन बसणाऱ्या पाड्यांवरच्या बायका आहेत. त्या काही इथे झोपायला येत नाहीत.

आता बारवी. हे धरण एमआयडीसीने 1972 मध्ये बांधलं, आणि त्याचं पाणी मुख्यतः कारखान्यांना आणि खालच्या शहरांना जातं. बदलापूरच्या नळाला येतं ते प्रामुख्याने उल्हास नदीचं, बॅरेजवरून, म्हणजे नदीवरच्या बंधाऱ्यावरून उचललेलं. मग भर उन्हाळ्यात उल्हासला पाणी कुठून? घाटावरून. मावळातल्या ठोकरवाडी धरणाचं पाणी डोंगरातून खाली भिवपुरीच्या वीजकेंद्रात येतं, 1922 पासून तिथे वीज तयार होते आहे, आणि वीज करून झाली की तेच पाणी उल्हासच्या पात्रात येतं. म्हणजे मे महिन्यात आपण जो हंडा भरतो, त्यात मावळातला गेल्या वर्षीचा पाऊस असतो. उशाशी कितीही मोठं धरण असलं तरी.

आणि पूर? बारवी नदी उल्हासला मिळते ती बदलापूर ओलांडल्यावर, खालच्या अंगाला. तिथलं पाणी उलटं चढून शहर कसं बुडवणार? 27 जुलै 2019 ला महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि हजाराच्या वर प्रवासी बोटींनी काढावे लागले, ती बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये. म्हणजे आणखी वरच्या अंगाला. ते पाणी कर्जत, नेरळ, माथेरानच्या डोंगरांवर पडलेल्या पावसाचं होतं, उल्हासचंच.

2005 मध्येही ‘बारवी फुटलं’ अशी आवई उठली होती. आमच्या जिन्यात लोक गाद्या आणि गॅसची शेगडी घेऊन वर पळत होते. बारवी जागच्या जागी होतं. पण आवई अशी सोयीची असते की धरणावर बोट दाखवलं, की पूररेषेबद्दल कुणी विचारत नाही. निळी रेषा म्हणजे साधारण 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळीच्या आत बांधकाम नको, हा नियम आहे.

माझ्या मावसभावाचं घर नदीकडच्या एका इमारतीत तळमजल्यावर होतं. 2005 च्या पाण्याची रेघ दोनदा रंग देऊनही जिन्याच्या भिंतीवर दिसते, माझ्या खांद्याच्या वर. ती इमारत तेव्हा नवीकोरी होती. तिला परवानगी काही बारवीने दिली नव्हती.