"रेडीमेड गेमिंग पीसी घेणारा फसतोच": एका फिरत्या सल्ल्याला उत्तर

बारावीचे निकाल लागले की एक सल्ला फोनाफोनी फिरायला लागतो. शब्द थोडेफार बदलतात, मजकूर तोच: "रेडीमेड गेमिंग पीसी म्हणजे पैसे पाण्यात. सुटे पार्ट घ्या, स्वतः असेंबल करा, तीस-चाळीस टक्के वाचतात. जोडणी पोरखेळ आहे, व्हिडिओ बघून तासाभरात होते. रेडीमेडमध्ये सगळा हलका माल भरतात. वॉरंटी दोन्हीकडे सारखीच. आणि पुढे अपग्रेड करायचं तर असेंबल्डच हवा."

मी स्वतः पंधरा वर्षं पीसी जोडतोय. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात दुकानदुकान फिरून भाव काढण्यातला आनंद मला ठाऊक आहे. तरीही हा सल्ला मला खटकतो. तो ज्यांच्या हाती पडतो त्यातले बरेच आईवडील पहिल्यांदाच एवढी मोठी रक्कम अशा वस्तूवर घालत असतात, जी त्यांना आतून कळत नाही. त्यांना "फसलात" म्हणून घाबरवायचं आणि अर्धवट माहितीवर सुट्या पार्टांच्या मागे लावायचं, हे बरोबर नाही.

आधी पैशांचं बघू. सुट्या पार्टांवर 18 टक्के जीएसटी आहे आणि तयार पीसीवरही 18 टक्केच आहे, म्हणजे करात काही वाचत नाही. ब्रँडेड पीसीच्या किमतीत बहुतेक वेळा विंडोज 11 चं लायसन्स धरलेलं असतं. पार्टांच्या यादीत ती ओळच नसते. अधिकृत होम आवृत्ती वेगळी घ्यायची तर दहा हजारांच्या पुढेमागे जातात. ते सोडून केलेली तुलना म्हणजे एका पारड्यात वजनच न ठेवता तोलणं.

दुसरं म्हणजे बाजार. सप्टेंबर 2020 मध्ये आरटीएक्स 3080 हे ग्राफिक्स कार्ड 699 डॉलर किमतीला जाहीर झालं. त्यानंतर दीड-दोन वर्षं त्या किमतीत ते मिळवणं जगभर मुश्कील होतं. अशा कार्डांवर क्रिप्टो चलन कमावणारे आणि लॉकडाउनमध्ये घरी बसलेले गेमर एकाच कार्डामागे धावत होते. मोठ्या पीसी कंपन्यांना मात्र चिप बनवणाऱ्यांकडून थेट माल मिळत होता. त्या काळात अख्खा तयार पीसी घेणं अनेकांना सुट्या कार्डापेक्षा परवडलं. सप्टेंबर 2022 मध्ये इथेरियम या क्रिप्टो चलनाचं कार्डांवरचं मायनिंग बंद झालं, तोवर हे सगळं निवळलं होतं. 2025 च्या अखेरीस पाळी आली रॅमची. एआयच्या डेटा सेंटरांसाठी मेमरी बनवणं जास्त फायद्याचं ठरलं, कंपन्या तिकडे वळल्या आणि सुट्या रॅमचे भाव भडकले. डिसेंबरात मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉननं तर 'क्रुशल' हा आपला ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. अशा दिवसांत ज्याच्या गोदामात जुन्या भावाचा माल पडलाय, त्याचा तयार पीसी स्वस्त पडू शकतो.

बाजार शांत असताना स्वतः जोडण्यात पैसे वाचतात, हे मी नाकारत नाही. पण तीस-चाळीस टक्के वाचल्याचं माझ्या एकाही बिलात दिसत नाही. फार तर एका चांगल्या एसएमपीएसचे, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्याचे, पैसे सुटतात. ज्या दिवशी घ्यायचं त्या दिवशी कागद-पेन घेऊन दोन्हीकडची बेरीज करायची. मागच्या वर्षीची बेरीज उपयोगाची नाही.

"जोडणी पोरखेळ आहे." या वाक्यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण त्यानं झालेलं नुकसान मी डोळ्यांनी पाहिलंय.

कराडला माझ्या मावसभावाच्या मुलानं असाच पीसी जोडला. जिथे जे स्वस्त तिथून ते, असे तीन विक्रेत्यांकडून पार्ट मागवले. संध्याकाळी त्याचा फोन. "काका, पंखे फिरतायत, लाइट लागतायत, पण स्क्रीनवर काहीच येत नाही." मी म्हटलं, घाबरू नको, डीडीआर5, म्हणजे नव्या पिढीची रॅम, पहिल्यांदा चालू होताना स्वतःची जुळवाजुळव करते, त्यात काही मिनिटं स्क्रीन काळीच राहते. नवी माणसं नेमकी याच वेळी बटण दाबून पीसी बंद करतात. आम्ही पंधरा मिनिटं थांबलो. स्क्रीन काळीच. मदरबोर्डाच्या, म्हणजे सगळे पार्ट ज्यावर बसतात त्या मुख्य बोर्डाच्या, कडेला बऱ्याचदा चार बारीक दिवे असतात: प्रोसेसर, रॅम, ग्राफिक्स, बूट. त्यातला रॅमचा दिवा ठाम लागलेला. रॅम काढून बसवली, एकच कांडी लावून बघितली, जागा बदलली. काही फरक नाही.

शेवटी प्रोसेसर काढायला लावला आणि फोनचा टॉर्च सॉकेटवर, म्हणजे प्रोसेसर बसतो त्या जागेवर, तिरका धरायला सांगितला. इंटेलच्या त्या सॉकेटात 1700 पिना असतात, केसासारख्या, ओळीनं झुकलेल्या. उजेड तिरका पडला की त्या भाताच्या रोपांच्या ओळींसारख्या चमकतात. एका कोपऱ्यात दोन रोपं आडवी झाली होती. प्रोसेसर ठेवताना बोटातून निसटला होता आणि त्यानं तो उचलून परत नीट ठेवला होता. त्याला वाटलं, काही झालं नाही.

विक्रेता म्हणाला, हे फिजिकल डॅमेज आहे, वॉरंटीत बसत नाही. आणि तो चुकीचं बोलत नव्हता. वर त्यानं सॉकेटावरचं काळं प्लास्टिकचं झाकण मागितलं. ते पॅकिंगबरोबर कचऱ्यात गेलं होतं. नवा मदरबोर्ड पदरच्या पैशानं आला आणि वाचवलेलं सगळं त्यात गेलं. मुलगा हुशार आहे, व्हिडिओ त्यानं मन लावून पाहिले होते. पण तो फक्त हात थरथरण्याचा प्रश्न होता, आणि शेजारी बसून "थांब, आधी प्रोसेसरच्या कोपऱ्यातली त्रिकोणाची खूण बघ" म्हणणारं कुणी नव्हतं.

हे फक्त नवख्यांचंच होतं असंही नाही. ऑक्टोबर 2022 मध्ये आरटीएक्स 4090 चे पॉवर कनेक्टर वितळल्याच्या तक्रारी आल्या. त्या कार्डाची चिप बनवणाऱ्या एनव्हिडियानं तपासून सांगितलं की बऱ्याच ठिकाणी कनेक्टर पूर्ण आत बसलेलाच नव्हता. पुढे कनेक्टरची रचनाच सुधारावी लागली. दीड हजार डॉलरहून महाग कार्ड, आणि घोळ एका न वाजलेल्या 'खट' आवाजाचा. जोडणी शिकण्यासारखी आहे, जमते, आणि पहिल्यांदा पीसी चालू होतो त्या क्षणाचं सुख मला आजही होतं. पण पोरखेळ म्हणून ती कुणाच्या हाती देऊ नये.

तिसरा मुद्दा हलक्या मालाचा, आणि यात बरंच तथ्य आहे. तयार पीसीत काटकसर कुठे होते हे ठरलेलं आहे. एसएमपीएस बिननावाचा असतो. 16 जीबी रॅम लिहिलेली असते, पण दोन कांड्यांऐवजी एकच, त्यामुळे मेमरीचा वेग निम्म्यावर येतो. आणि ऑनलाइन "आय7 गेमिंग पीसी" म्हणून जे वीस हजारांच्या आत दिसतं, त्यात 2012 सालचा आय7-3770 प्रोसेसर आणि 2014 चं जीटी 730 ग्राफिक्स कार्ड निघतं. त्यावर आजचे मोठे गेम नीट चालत नाहीत. असा पीसी घेऊ नका, हे मीही हात जोडून सांगेन.

पण हलका माल सुट्यातही असतोच. 2021 मध्ये गिगाबाइटच्या 750 आणि 850 वॉटच्या दोन एसएमपीएस मॉडेलांबद्दल इतक्या तक्रारी झाल्या की कंपनीला ते बदलून देण्याची घोषणा करावी लागली. ते नावाजलेल्या कंपनीच्या खोक्यातून, सुटेच विकले गेले होते. आणि नावांचा गोंधळ तर दोन्हीकडे सारखाच. आरटीएक्स 3050 या एकाच नावानं 8 जीबीचं कार्डही आहे आणि 6 जीबीचंही. दुसऱ्यात नुसती मेमरी कमी नाही, आतली चिपही कापलेली आहे. काउंटरवर "3050 आहे" एवढं ऐकून पैसे देणारा असेंबल्डमध्येही तितकाच फसतो.

म्हणून रेडीमेड की असेंबल्ड यापेक्षा मी बिलाकडे बघतो. एसएमपीएसची कंपनी, मॉडेल आणि वॉट. रॅमच्या कांड्या किती, वेग किती. मदरबोर्डाचं पूर्ण नाव. ग्राफिक्स कार्ड कुणी बनवलेलं, किती जीबीचं. हे सगळं जो विक्रेता लिहून देतो त्याचा तयार पीसी खुशाल घ्या. जो "ब्रँडेड आहे, काळजी करू नका" म्हणतो, त्याच्याकडून घेऊ नका.

वॉरंटी दोन्हीकडे सारखी, हे तर सरळ चूक आहे. तयार पीसीला बहुधा एक वर्षाची वॉरंटी असते, पण ती अख्ख्या मशीनची. काय बिघडलंय हे शोधणं कंपनीचं काम. ब्रँडेड असेल तर अनेकदा माणूस घरी येतो. सुट्या पार्टांना जास्त वर्षं मिळतात, प्रोसेसरला तीन, चांगल्या एसएमपीएसला पाच ते दहा. पण कुठला पार्ट गेला हे तुम्ही शोधायचं, तुम्हीच तो काढायचा आणि सर्व्हिस सेंटरला न्यायचा. मुंबई-पुण्यात हे जमतं. गडचिरोलीत किंवा सावंतवाडीत बसलेल्यानं त्या कुरियरच्या फेऱ्या आधीच धराव्यात.

सुट्यातही प्रकार आहेत. 2024 मध्ये इंटेलच्या 13 व्या आणि 14 व्या पिढीचे काही डेस्कटॉप प्रोसेसर अस्थिर होत असल्याचं कंपनीनं मान्य केलं आणि त्यांची वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. खोक्यातला प्रोसेसर ज्यानं घेतला होता तो थेट इंटेलकडे जाऊ शकत होता. ज्यानं थोडे पैसे वाचवायला 'ट्रे', म्हणजे खोक्याशिवाय सुटा विकला जाणारा, प्रोसेसर घेतला, त्याला जिथून घेतला तिथे जा असं सांगण्यात आलं. कच्च्या बिलावर घेतलेला असेल तर तिथे जाऊन काय दाखवणार? जीएसटी वाचतो म्हणून कच्चं बिल घेणं हा यातला सगळ्यात महाग सौदा आहे. पक्कं बिल असेल तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनला फोन करता येतो, जिल्हा ग्राहक आयोगात जाता येतं. आणि अमेरिकेतल्या मामानं येताना आणलेलं कार्ड? अनेक कंपन्यांची वॉरंटी ज्या देशात घेतलं तिथलीच असते, आधी विचारा.

अपग्रेडचं थोडक्यात. काही मोठ्या ब्रँडच्या पीसीत मदरबोर्ड आणि एसएमपीएस त्यांच्याच मापाचे असतात, तिथे खरंच अडकायला होतं. पण बाजारातले कितीतरी तयार पीसी नेहमीच्याच पार्टांचे असतात आणि पुढे बदलता येतात. अपग्रेड ठरतं ते सॉकेटवरून. एएमडी या कंपनीच्या एएम4 सॉकेटच्या बोर्डावर 2017 चा तिचा पहिला रायझन प्रोसेसर चालायचा आणि बायोस, म्हणजे बोर्डातला मूळ प्रोग्रॅम, बदलून अनेक बोर्डांवर 2022 चा रायझन 5800एक्स3डी सुद्धा चालला. तो बोर्ड कुणी बसवला होता, यानं काही फरक पडला नाही.

आणि त्या सल्ल्यात ज्याचा उल्लेखच नाही असा तिसरा रस्ता आपल्याकडे पहिल्यापासून आहे. पार्ट तुम्ही निवडायचे, एकाच दुकानातून घ्यायचे आणि थोडी मजुरी देऊन त्याच दुकानात समोर बसून जोडून घ्यायचे. विंडोज टाकून, एखादा गेम अर्धा तास चालवून, तापमान बघून मगच पैसे द्यायचे. पिन वाकली तर दुकानदाराच्या हातून वाकते. प्रत्येक पार्टाची वॉरंटी तुमची तुमच्याकडे राहते, आणि मुलाला जोडणी बघायलाही मिळते.

कराडच्या मुलानं दुसरा मदरबोर्ड तसाच, गावातल्या दुकानात बसून लावून घेतला. सॉकेटावरचं काळं झाकण दुकानदारानं काढून बाजूला ठेवलं, तेव्हा यानं ते आधी खिशात घातलं. आता ते बिलाबरोबर एका पाकिटात आहे, माझ्या मावसभावाच्या कपाटात, घराच्या कागदांशेजारी.