नव्व्याण्णव खोल्या नव्हेत, खण!

दक्षिण कोरियातल्या आंदोंगच्या इम्चॉन्गगाक वाड्याबद्दल एक दावा सगळीकडे फिरतोय: "या वाड्यात 99 खोल्या आहेत, कारण शंभराचा मान फक्त राजाचा. पाचशे वर्षं तो जसाच्या तसा उभा आहे." मला हा वाडा फार प्रिय आहे, म्हणून हे लिहितोय.

आधी खोल्यांचं बघू. कोरियन शब्द आहे 'खान', म्हणजे दोन खांबांमधला गाळा. मराठी माणसाला हे समजायला जड जाऊ नये. आपणही वाडा खणांतच मोजत आलो, 'पाच खणी घर' म्हणतो आणि त्यात पाच खोल्या शोधत बसत नाही. (उच्चारसाम्य योगायोगाचं, हिशेब मात्र तोच.) जागा मोजताना चार खांबांच्या मधला चौकोन म्हणजे एक खान. दर्शनी तीन, आत दोन खण असलेला लाकडी फळ्यांच्या जमिनीचा दिवाणखाना सहा खान भरतो, पण ती खोली एकच. स्वयंपाकघर, कोठार, नोकरांची घरं, सगळं याच मापात येतं. इथे 'खोल्या' असं भाषांतर केलं की सगळं चित्रच चुकतं.

राजाच्या शंभराची गोष्ट रंजक आहे, पण कायदा तसा नव्हता. राजा सेजोंगने 1431 मध्ये मर्यादा घातल्या: राणीच्या पोटच्या राजपुत्राला 60 खान, दुसऱ्या श्रेणीपासून वरच्या अधिकाऱ्यांना 40, त्याखालच्यांना 30, सामान्य माणसाला 10. नव्व्याण्णवची मुभा कुणालाच नव्हती. म्हणजे 1519 मध्ये बांधलेला हा वाडा खरोखर 99 खानांचा असेल, तर तो नियम पाळून नव्हे, नियम मोडूनच.

आणि 'जसाच्या तसा'? हे मला सर्वांत खटकतं. या वाड्याचे कुटुंबप्रमुख यी सांग-र्यॉन्ग 1911 मध्ये कुटुंबासह मांचुरियाला (आजच्या ईशान्य चीनमध्ये) गेले, जपानविरुद्धच्या स्वातंत्र्यलढ्यात उतरले आणि 1925 मध्ये परदेशातून चालणाऱ्या कोरियाच्या हंगामी सरकारचे प्रमुख झाले. 1932 मध्ये परक्या मुलखातच वारले. पुढे जपानी राजवटीने वाड्याच्या अंगणातून लोहमार्ग नेला आणि जवळपास निम्मा वाडा पाडला. लोहमार्ग मुद्दाम इथून नेला, असं कोरियात अनेक जण मानतात. 1963 मध्ये वाड्याला राष्ट्रीय वारशाचा दर्जा मिळाला, तरी गाड्या दारासमोरून धडधडत राहिल्या. त्या थांबल्या डिसेंबर 2020 मध्ये.