डिजिटल पियानोविषयीच्या आपल्या तक्रारीस दुकानातर्फे उत्तर

सप्रेम नमस्कार,

आमच्या इंदूरच्या दुकानातून नेलेला डिजिटल पियानो दुकानात भरदार वाजला; परंतु राजेंद्रनगरातील गणेशोत्सवात, भावगीतांच्या कार्यक्रमात तोच पत्र्याच्या डब्यासारखा पोकळ वाजला, आपणांस स्वतःचे वादन मंचावर ऐकूही आले नाही, आणि ‘कुठेही चालेल’ असे सांगून आमच्या विक्रेत्याने आपली दिशाभूल केली, असे आपण लिहिले आहे. यातील शेवटची गोष्ट प्रथम मान्य करतो. वाद्य घरी वाजवायचे की कार्यक्रमांत, हे विचारल्यावाचून तसे म्हणणे चूक होते. शिवाय लहान खोलीत भिंतीला टेकवून ठेवलेला पियानो भरदार वाटतो त्यात भिंतीचाही हात असतो, हे आम्हीच सांगायला हवे होते.

पोकळ आवाजाचे कारण मात्र आपण जोडलेल्या छायाचित्रातच आहे. मिक्सरकडे गेलेल्या केबलच्या प्लगवर दोन काळ्या कड्या दिसतात, म्हणजे ती स्टिरिओ केबल आहे. आपल्या पियानोला लाइन आउट (मिक्सरला जोडण्यासाठीचा वेगळा जॅक) नसून फक्त हेडफोनचा जॅक आहे आणि त्यातून डावी व उजवी अशा दोन वाहिन्या एकाच प्लगने बाहेर पडतात. मिक्सरचे बॅलन्स्ड इनपुट त्यांना एकाच सिग्नलच्या सुलट-उलट बाजू समजते आणि एकीतून दुसरी वजा करते. त्यामुळे दोन्हींत जे समान असते, म्हणजे सुरांचा गाभा, नेमके तेच गळते. प्लग आत जाताच पियानोचे स्वतःचे स्पीकरही बंद होतात, आणि समोर मॉनिटर (वादकाकडे तोंड केलेला स्पीकर) नसला की वादक बहिराच.

यासाठी एका टोकाला स्टिरिओ व दुसऱ्या टोकाला दोन मोनो (एकेका वाहिनीचे) प्लग असलेली वाय-केबल आणि दोन चॅनेलचा डीआय बॉक्स (वाद्याचा सिग्नल मिक्सरला जुळेल असा करणारी छोटी पेटी) लागतो. मांडवातील ध्वनियोजना मोनो असेल तर एकच वाहिनी घ्यावी, कारण दोन्ही एकत्र केल्यास काही सूर एकमेकांना खातात. घूं असा आवाज येत असेल, तर डीआय बॉक्सवरील ग्राउंड लिफ्टची कळ बहुधा तो घालवते.

‘त्याऐवजी रोलँड द्यायला हवा होता’ हे आपले म्हणणे अर्धेच पटते. रोलँडच्या एफपी-३०एक्स या मॉडेलला लाइन आउट आहे, ११ वॅटचे दोन स्पीकर आहेत, पण वजन १४.८ किलो, आपण तालमींना रिक्षाने जाता. त्याच कंपनीच्या एफपी-१० ला पुन्हा हेडफोनचाच जॅक आहे, तेव्हा नुसते नाव बदलून भागले नसते. कॅसिओचा पीएक्स-एस११०० हा ११.२ किलोचा असून सहा पेन्सिल सेलवरही चालतो (मांडवातील विजेचा भरवसा आपण जाणताच), परंतु त्याच्या पट्ट्या मागच्या बाजूला दाबताना मला जड लागतात. आपल्या कामासाठी मी यामाहाचा पी-२२५ निवडेन: ११.५ किलो वजन आणि स्टिरिओ आउटचे दोन स्वतंत्र जॅक.

आपला पियानो आम्ही पूर्ण खरेदी किमतीस परत घेऊ. बदली वाद्याच्या किमतीतील फरक तेवढा द्यावा लागेल. मात्र येताना ती केबलही आणावी. दुकानातील मिक्सरवर दोन्ही प्रकारे जोडून आपण स्वतः ऐकावे आणि मगच पियानो बदलायचा की केबल, हे ठरवावे.

आपला,
दुकानमालक