साडेतीन फुटांतली जलसमाधी

इंग्लंडच्या कालव्यात बोट बुडाली तरी धड बुडत नाही, हा त्यातला पहिला अपमान. समुद्रातल्या जहाजाचं कसं, गेलं की गेलं. वर दोन बुडबुडे आणि शांतता. कालव्यात पाणी जेमतेम साडेतीन-चार फूट. बोट तळाला टेकते, छप्पर वर राहतं, छपरावरच्या कुंड्या टवटवीत असतात आणि खिडकीतून डोकावलं तर आत चहा-साखरेचे डबे तरंगताना दिसतात. त्यातून या बोटींचं नाव रंगवतात ते केबिनच्या बाजूला, चांगलं ठसठशीत, भोवती गुलाबांची नक्षी काढून. म्हणजे नाव बुडते, पण नाव वर राहतं. कोणाची बुडाली ते येणाऱ्याजाणाऱ्याला वाचता यावं म्हणून.

कालवा म्हटलं की आपल्याला नीरेचा डावा-उजवा आठवतो. वाहतं पाणी, आवर्तन, दोन्ही काठांना ऊस. इथला कालवा शेताला जात नाही. तो नुसता उभा असतो, आणि एके काळी त्यावरून कोळसा जायचा. 1761 साली ब्रिजवॉटर कालवा सुरू झाला तो मँचेस्टरला कोळसा न्यायलाच. पुढे जेम्स ब्रिंडली या अभियंत्याने मिडलंड्समधली, म्हणजे मध्य इंग्लंडातली लॉक (पाणी भरून-सोडून बोट वर-खाली नेणारे, दोन्हीकडे दरवाजे असलेले हौद) 7 फूट रुंदीची बांधली आणि त्या एका मापात आजतागायत सगळ्यांना कोंबून ठेवलंय. त्यात बसणारी अरुंद बोट ती नॅरोबोट, रुंदीला 6 फूट 10 इंच, लांबीला पार 70 फुटांपर्यंत. चाळीची गॅलरी पाण्यात सोडावी तसा प्रकार. वेगमर्यादा ताशी 4 मैल, म्हणजे काठाने चालणारी आजी पुढे निघून जाते. इतक्या संथ वाहनाला अपघात होतो तोही त्याच चालीने. बोट आधी आठवडाभर बुडायची तयारी करते, आणि मालक आठवडाभर म्हणतो, "जरा कलल्यासारखी वाटते नाही?"

एक आकडा मी पाढ्यासारखा पाठ करायला सांगतो. 57 फुटी बोटीने पाण्यावर अडवलेली जागा साधारण 35 चौरस मीटर. म्हणजे आत 350 लिटर पाणी शिरलं की बोट 1 सेंटिमीटर खाली जाते. आता बोटीच्या अंगावर भोकं असतातच आणि ती कायदेशीर असतात: सिंकची, न्हाणीची, इंजिनाच्या धुराची. त्यातलं सगळ्यात खालचं पाण्यापासून 15 सेंटिमीटरवर असेल, तर तुमच्या हातात सव्वापाच हजार लिटर आहेत. तेवढं पाणी आत आलं, की त्या कायदेशीर भोकातून कालवा रीतसर आत येतो आणि मग हिशेब संपतो. प्रत्यक्षात तेवढेही मिळत नाहीत, कारण पाणी शहाण्यासारखं सगळीकडे सारखं पसरत नाही. ते इंजिनाच्या खोलीत जमतं, मागचं टोक खाली बसतं, आणि भोकंही नेमकी तिथेच.

तळाला, म्हणजे अर्धा मीटर पाण्याखाली, 25 मिलिमीटरचं एक भोक पडलं तर मिनिटाला सुमारे 55 लिटर पाणी आत येतं. 10 लिटरची बादली घेऊन माणूस मिनिटाला चार बादल्या उपसतो, तेही पहिली दहा मिनिटं. मग कंबर. तेव्हा बादलीपेक्षा भोकाकडे आधी बघावं. पण नाही. बहुतेक जण आधी पंप शोधायला पळतात. आग सोमेश्वरी, बंब रामेश्वरी. भोकात मऊ लाकडाची निमुळती खुंटी ठोकली, तीही नसेल तर चिंधी गुंडाळलेलं गाजर कोंबलं, तरी पाणी धारेवरून थेंबावर येतं. फट असेल तर ओल्या जागी धरणारी इपॉक्सी लांबी लावावी, आपल्या एम-सीलच्या जातीतली. मऊ लाकूड का, तर ते भिजून फुगतं आणि स्वतःच घट्ट बसतं. सागवानी खुंटी दिसायला झकास, पण तिला फुगायची घाई नसते.

भोक पडून बुडणाऱ्या बोटी तशा कमीच, हेही सांगून टाकतो. पोलादी तळ 10 मिलिमीटर जाड, बाजू 6, केबिन 4. हे काही पापड नव्हे. बोटी बुडतात त्या फुटकळ कामांपायी.

पहिलं काम स्टर्न ग्लँडचं. इंजिनाकडून बोट ढकलणाऱ्या पंख्याकडे जाणारा दांडा बोटीच्या पोटातून बाहेर पडतो तिथे ही ग्लँड असते. विहिरीवरच्या पंपाला ग्लँडदोरी भरतात, तीच जात. चौकोनी विणीच्या, ग्रीसमध्ये मुरवलेल्या दोरीचे साधारण तीन वेढे. प्रत्येकाची टोकं तिरपी कापायची आणि सांधे एकाखाली एक येऊ द्यायचे नाहीत. वरून दोन नट, दोन्ही सारखेच, पाव-पाव आट्याने आवळायचे. बोट चालताना मिनिटाला दोन-चार थेंब पडले पाहिजेत. थेंब बंद व्हावेत म्हणून जोर लावून आवळणारा माणूस दोरी जाळतो, दांड्यावर चरे पाडतो, आणि पुढच्या महिन्यात धार घेऊन बसतो. दिवसाचा प्रवास संपला की ग्रीसरची, म्हणजे ग्लँडमध्ये ग्रीस दाबणाऱ्या नळीची मूठ हाताला जड लागेपर्यंत फिरवायची, की रात्रीपुरते थेंब थांबतात. अर्ध्या मिनिटाचं काम. ते विसरलं आणि सेकंदाला एक थेंब पडत राहिला, तर दिवसाला सुमारे 4.3 लिटर, महिन्याला 130.

ते उपसायला आपोआप चालू होणारा पंप असतो ना! असतो. त्याला तरंगता स्विच असतो, आणि त्या स्विचखाली कोणीतरी हात पुसून टाकलेलं फडकं असतं. फडकं नसेल तर हिवाळा असतो: सूर्य चारला मावळतो, सौर पट्ट्यांना ऊन लागत नाही, पंप बॅटरी पिऊन टाकतो आणि मग दोघं मिळून झोपतात. डेकवरच्या पन्हळीत पानं अडकून पावसाचं पाणी इंजिनात उतरणं, हे त्याच्या जोडीला.

वीड हॅचवर मात्र जरा थांबतो, कारण तिच्यात एक लबाडी आहे. पंख्यात पिशव्या, दोऱ्या, एखादी साडी अडकते (हो, बर्मिंगहॅममध्ये साडीसुद्धा). ती काढायला पंख्याच्या बरोबर वर लोखंडी पेटी असते. झाकण उघडा, बर्फासारख्या पाण्यात खांद्यापर्यंत हात घाला, कापून काढा. पेटीची वरची कड पाण्याच्या पातळीपेक्षा थोडी उंच असते, म्हणून झाकण नीट बसलं नाही तरी बोट उभी असेतो टिपूसही आत येत नाही. माणूस खूश होतो, इंजिन चालू करतो. पंखा फिरला की पाणी वर उसळतं, मागचं टोक खाली दबतं, आणि झाकणाच्या फटीतून इंजिनाच्या खोलीत कारंजं सुरू होतं. वर उभ्या माणसाला इंजिनाच्या धडधडीत काही ऐकू येत नाही. म्हणून झाकणाचा रबर पुसायचा, आडवी पट्टी आवळायची, गिअर टाकून मिनिटभर पंखा फिरवायचा आणि खाली वाकून बघायचं. त्यानंतरच चहा.

लॉकमधला अपघात तेवढा झटपट होतो. वरच्या दरवाजाखाली दगडी पायरी असते, तिला सिल म्हणतात. लॉक रिकामं होताना बोटीचं मागचं टोक त्या पायरीवर टेकलं तर मागचं टोक वर अडकतं, पुढचं खाली जातं. पायरी कुठवर आली आहे हे दाखवायला भिंतीवर पांढरी रेघ मारलेली असते. ती गप्पा मारणाऱ्यांना दिसत नाही. अशा वेळी खालच्या दरवाजाकडच्या, पाणी सोडणाऱ्या झडपा आधी बंद करायच्या आणि मग वरच्या सावकाश उघडायच्या, म्हणजे पाणी चढून बोट सुटते. घाबरून वरच्या आधी उघडल्या तर वरून भरतं, खालून रिकामं होतं आणि वर अडकलेल्या बोटीला काहीच फरक पडत नाही.

आता बुडालेली बोट वर काढायची. सगळ्यात आधी किनाऱ्यावरून येणारी वीज, बॅटरीचे स्विच, गॅस आणि डिझेलचे कॉक बंद. मग तेल शोषणाऱ्या चादरी आणि लांबलचक उशा पाण्यावर पसरायच्या. कालव्यात डिझेलचं इंद्रधनुष्य दिसलं की खर्चाचं नवं खातं उघडतं. संडासाची टाकी कुठे आहे हेही आठवून ठेवावं. 2012 पासून इंग्लंड-वेल्समधल्या बहुतेक कालव्यांची देखभाल कॅनल अँड रिव्हर ट्रस्ट बघतो. त्यांना कळवायचंच, कारण काही ठिकाणी बोटीच्या पुढे-मागे कालव्याच्या काठांतल्या खाचांमध्ये फळ्या टाकून तेवढ्या पट्ट्यातलं पाणी उतरवता येतं. पाणी फूटभर उतरलं तर निम्मी लढाई तिथेच संपते.

नाही उतरलं तर बोटीच्या कडा उंच कराव्या लागतात. दारं, खिडक्या, झरोके यांवर प्लायवूड ठोकायचं आणि वरून बाहेरच्या बाजूने ताडपत्री ओढायची. बाहेरचं पाणीच ती दाबून धरतं. उरलेल्या फटींत चिकणमाती. हसू नका, ब्रिंडलीने अख्खे कालवे मळलेल्या चिकणमातीचं अस्तर देऊन पाणी धरते केले, तिथे तुमचा झरोका काय चीज आहे.

मग 3 इंची पेट्रोल पंप, मिनिटाला हजारेक लिटरचा. तो काठावर ठेवायचा, केबिनमध्ये कधीच नाही, त्याचा धूर माणूस मारतो. आतलं पाणी 25 हजार लिटर धरलं, तर कागदावर पंचवीस मिनिटांत बोट कोरडी. कागदाला मोजे नसतात. पंपाच्या जाळीत दर तीन मिनिटांनी एक मोजा, चहाची पिशवी किंवा विम्याची कागदपत्रं अडकतात आणि दुपार तिथेच जाते. दोन पंप असावेत, म्हणजे एक तरी चालू राहतो.

बोट हलायला लागली की काठावर टाळ्या पडतात, आणि नेमका हाच धोक्याचा क्षण. आतलं अर्धं पाणी मोकळं असतं. बोट इंचभर कलली की ते सगळं त्याच बाजूला धावतं आणि तिला आणखी कलवतं. म्हणून दोन्ही बाजूंनी पट्टे लावून माणसं उभी करायची, बोट वर येईल तसे पट्टे हळूहळू घ्यायचे-सोडायचे. खुंटाला गच्च बांधून जेवायला गेलात, तर परत येईतो बोट दोरीला लोंबकळत दुसऱ्यांदा बुडलेली असते.

या टाळ्या वाजवणाऱ्यांना इथे गोंगूझलर असा खास शब्द आहे: काही न करता कालवा बघत उभा राहणारा. काठाच्या ज्या वाटेने पूर्वी घोडे बोटी ओढायचे, तिथे हे उभे राहून उंटावरून शेळ्या हाकतात.

वर आल्यावर कोणीतरी उत्साही माणूस म्हणतो, "बघू तरी इंजिन लागतंय का." त्याचा हात धरा. सिलिंडरमध्ये पाणी आहे, पाणी दाबलं जात नाही, आणि स्टार्टर ते दाबायला गेला की कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी इंजेक्टर काढायचे, पुढच्या पुलीला पाना लावून हाताने इंजिन फिरवायचं. भोकांतून पाण्याच्या पिचकाऱ्या उडतात, तोंड बाजूला ठेवावं. मग सम्पचा, म्हणजे इंजिनाखालच्या तेलाच्या भांड्याचा बोल्ट सोडायचा. आधी पाणी येतं, कारण ते जड म्हणून तळाशी. मग तेल, आणि मधे टपरीवरच्या चहाच्या रंगाचं काहीतरी. स्वस्तातलं तेल आणि नवा फिल्टर घालून थोडं चालवायचं, काढायचं, परत घालायचं, चहाचा रंग जाईपर्यंत. गिअरबॉक्सचंही तेच. हे सगळं एक-दोन दिवसांत झालं पाहिजे. बुडलेलं असताना इंजिन तितकं गंजत नाही जितकं बाहेर काढून हवेत ठेवल्यावर गंजतं.

फरशीखाली वजनाला फुटपाथच्या सिमेंटच्या लाद्या रचलेल्या असतात. त्या सगळ्या उचलायच्या, कारण त्यांच्याखालचं पाणी महिनोन्महिने वाळत नाही आणि तळ आतून खातं. हे काम मित्रांना आधी सांगू नये.

गोदीत बोट चढवून, प्रेशरने धुऊन, अल्ट्रासॉनिक यंत्राने पत्र्याची जाडी मोजतात. 4 मिलिमीटरच्या खाली आकडा आला की विमेवाले तोंड वाकडं करतात. सुटे खड्डे वेल्डिंगने भरतात. चाळण असेल तर वरून नवा पत्रा. आता तो पाठ केलेला आकडा काढा. दोन्ही बाजूंना 5 मिलिमीटरचा पत्रा, 20 चौरस मीटर, म्हणजे सुमारे 800 किलो. बोट दोन सेंटिमीटरांहून जास्त खाली, आणि ती कायदेशीर भोकं तितकीच पाण्याजवळ. तेव्हा उचललेल्या लाद्यांपैकी 800 किलोच्या लाद्या परत ठेवायच्याच नाहीत. फुकट लाद्या हव्यात का असं विचारत फिरणारा माणूस दिसला, की समजावं याने पत्रा चढवलाय.

वेल्डिंगआधी आतलं अस्तर आणि फवारलेला फोम त्या जागी खरवडून काढावा लागतो. तो पेट घेतो आणि विषारी धूर सोडतो. तरीही वेल्डर बाहेर काम करत असताना एक जण आत राखणीला बसवतात. पंधरा दिवस खपून ज्या बोटीतून थेंबन्‌थेंब पाणी बाहेर काढलं, तिच्यात तो पाण्याची भरलेली बादली घेऊन बसतो.

मग डांबरी काळ्या रंगाचे दोन-तीन हात. मॅग्नेशियमच्या अॅनोडवर मात्र रंग लावायचा नाही. त्यांनी पत्र्याऐवजी स्वतः झिजायचं असतं, त्यांना झाकलं की पत्रा झिजतो.

बोट पाण्यात उतरली, की पहिला तास कोणी बसत नाही. इंजिन चालू, गिअर पुढे, आणि मालक डेकच्या फळ्या उचलून डोकं खाली, पाय वर. तोंडात टॉर्च, डोळे ग्लँडवर, एका हातात घड्याळ. एक थेंब. दुसरा. तिसरा येतो की नाही, दांडा कोमट आहे की गरम, हे चाललेलं असताना काठावरून प्रेमळ आवाज येतो, "थंडीत आत गारठत असेल नाही हो?" मालक टॉर्च तोंडातून काढून "नाही, शेगडी आहे" म्हणतो, आणि पुन्हा एकपासून मोजायला लागतो.