व्हॉल्टचा पत्ता टाकला म्हणजे अपडेट सुरू होत नाहीत

सेंटओएस ही सर्व्हरवर वापरली जाणारी फुकट लिनक्स सिस्टीम. तिच्याबद्दल व्हॉट्सॲपवर एक निरोप फिरतोय. "सेंटओएस ७ चा सपोर्ट संपला म्हणून घाबरू नका. रेपोचा पत्ता बदलून व्हॉल्टचा टाका, अपडेट पूर्ववत सुरू होतील. लिनक्सला व्हायरस लागत नाही. जुनी आवृत्ती उलट जास्त सुरक्षित असते, ओपनएसएसएचचा 'रिग्रेशन' बगही तिला लागला नाही. सर्व्हर चालतोय तोवर हात लावू नका. सपोर्ट संपणं हा कंपन्यांचा धंदा आहे." (रेपो म्हणजे सर्व्हर जिथून अपडेट उतरवतो ते भांडार.) माझा भाचा सांगलीत एका पतसंस्थेचा सर्व्हर सांभाळतो. हे वाचून त्याने पत्ता बदलला आणि मला कळवलं, "मामा, झालं काम, अपडेट चालू." त्या सर्व्हरवर लोकांच्या ठेवींचे हिशेब आहेत, त्यामुळे हे नुसतं वाचून सोडून देणं मला शक्य नाही.

आधी व्हॉल्टचंच बोलू, कारण सगळ्यात जास्त नुकसान त्याच सल्ल्याने होणार आहे. सेंटओएस ७ च्या सपोर्टची मुदत ३० जून २०२४ ला संपली. त्यानंतर मिररची, म्हणजे रेपोच्या प्रतींची, यादी देणारा पत्ताच बंद झाला, म्हणून 'यम' या अपडेट उतरवणाऱ्या प्रोग्रॅमला 'यम अपडेट' अशी कमांड दिली की "कुड नॉट रिझॉल्व्ह होस्ट" (पत्ता सापडत नाही) असा एरर येऊ लागला. तो एरर खरं तेच सांगत होता: तुमच्यासाठी आता कोणी काही बनवत नाही. व्हॉल्ट हे निवृत्त आवृत्त्यांचं जुनं भांडार आहे. पॅकेजेस शेवटच्या दिवशी जशी होती तशी तिथे ठेवलेली आहेत, नवीन काही येत नाही. पत्ता बदलल्यावर यम तिथे जातो, तुमच्याकडच्या पॅकेजेसशी तुलना करतो आणि सांगतो, "नो पॅकेजेस मार्क्ड फॉर अपडेट" (अपडेट करण्यासारखं काही नाही). अद्ययावत, सपोर्टमधल्या सर्व्हरवरही अक्षरशः हेच वाक्य येतं, आणि भाच्याने तेच वाचलं. बंद पडलेल्या वर्तमानपत्राचा शेवटचा अंक रोज उघडायचा आणि आज नवी बातमी नाही म्हणून निर्धास्त व्हायचं, तसं हे झालं. निदान आधी एरर तरी दिसत होता, आता तोही गेला. विश्वास बसत नसेल तर कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, त्याच्या पॅकेजचा चेंजलॉग (बदलांच्या नोंदी) उघडा. सगळ्यात वरची नोंद जून २०२४ च्या पुढची नसेल.

व्हॉल्टचा खरा उपयोग आहे: नव्या सिस्टीमवर जाताना एखादं जुनं पॅकेज लागलं तर ते तिथे मिळतं. बस, तेवढाच.

"जुनी आवृत्ती जास्त सुरक्षित" याला पुरावा म्हणून निरोपात ओपनएसएसएच, म्हणजे सर्व्हरवर दुरून लॉगिन करायचा प्रोग्रॅम, त्याच्या 'रिग्रेशन' बगचं नाव घेतलंय. त्यातलं अर्धं खरं आहे, ते मान्य करतो. हा बग १ जुलै २०२४ ला, म्हणजे सेंटओएस ७ ची मुदत संपल्याच्या दुसऱ्याच दिवशी जाहीर झाला, आणि सेंटओएस ७ मधल्या ओपनएसएसएच ७.४ ला तो लागू नव्हता. पण एका बगमधून वाचलो म्हणून सगळ्यांतून वाचणार, हे कुठलं शहाणपण?

त्याआधीच्या आवृत्तीचं काय झालं ते बघा. सेंटओएस ६ ची मुदत ३० नोव्हेंबर २०२० ला संपली. दोन महिनेही झाले नव्हते, तोच २६ जानेवारी २०२१ ला क्वालिस कंपनीच्या संशोधकांनी 'सुडो'मधला (साध्या युजरला रूटची, म्हणजे सर्वाधिकाऱ्याची, कामं करू देणाऱ्या कमांडमधला) एक बग जाहीर केला, क्रमांक सीव्हीई-२०२१-३१५६. शेवटी एकच बॅकस्लॅश असलेलं आर्ग्युमेंट (कमांडपुढचा मजकूर) सुडोच्याच 'सुडोएडिट' या रूपाला विशिष्ट प्रकारे दिलं की कॉपी करणारा कोड मजकुराचा शेवट ओलांडून पुढे जायचा आणि मेमरीत नको तिथे लिहायचा. त्याचा फायदा घेऊन मशीनवरचा कुठलाही साधा युजर, पासवर्ड न देता, रूट होऊ शकत होता. हा कोड २०११ च्या जुलैपासून तिथे होता. म्हणजे जुना होता म्हणून सुरक्षित नव्हता, जुना असूनही जवळजवळ दहा वर्षं कोणाच्या नजरेस पडला नव्हता. ज्या रेड हॅट कंपनीच्या लिनक्सवरून सेंटओएस बनतं, तिने आपल्या ६ साठी दुरुस्ती काढली, पण वाढीव सपोर्टचे पैसे भरणाऱ्यांसाठी. सेंटओएस ६ च्या व्हॉल्टमध्ये ती नाही. तपासायची रीत क्वालिसनेच दिली होती: साध्या युजरने 'सुडोएडिट -एस /' टाइप करायचं. उत्तर 'सुडोएडिट:' ने सुरू झालं तर भोक उघडं आहे, 'युसेज:' ने सुरू झालं तर बुजवलेलं आहे. सेंटओएस ६ वर आजही व्हॉल्टचा पत्ता टाकून अपडेट मारा, यम म्हणेल सगळं ठीक आहे, आणि भोक तसंच राहील.

व्हायरसच्या मुद्द्यावर फार वेळ घालवत नाही. वरच्या प्रकारात व्हायरसचा संबंधच नव्हता.

"चालतोय तोवर हात लावू नका" म्हणे. सर्व्हर तिथेच थांबतो, बाकीचं जग थांबत नाही. ३० सप्टेंबर २०२१ ला, साइट्सना फुकट सुरक्षा प्रमाणपत्रं देणाऱ्या लेट्स एन्क्रिप्टच्या साखळीतलं एक जुनं मूळ प्रमाणपत्र संपलं आणि सेंटओएस ६ च्या जुन्या ओपनएसएसएलला (सुरक्षित जोडणी सांभाळणाऱ्या लायब्ररीला) धडधाकट साइट्सही अविश्वसनीय वाटू लागल्या. कोणी हात न लावता चालणारं बंद पडलं. सेंटओएस ७ वर नोड १८ ची (जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रॅमची) अधिकृत बिल्ड चालत नाही, कारण तिला जीलिबसी ही सिस्टीमची मूळ लायब्ररी २.२८ लागते आणि इथे २.१७ आहे.

राहिला कंपन्यांचा धंदा. राग समजतो. सेंटओएस ८ ला २०२९ पर्यंत सपोर्ट मिळेल असं सांगून डिसेंबर २०२० मध्ये तो २०२१ अखेरवर आणला, हे वाईटच झालं. पण ७ ची तारीख बदलली नाही, ती लोकांना कितीतरी वर्षं आधीपासून माहीत होती. आणि पैसे भरायचे नसतील तर सेंटओएससारख्याच अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स या सिस्टीम फुकट आहेत, दोघांच्याही ८ ला २०२९ पर्यंत सुरक्षेचे अपडेट आहेत. अल्माच्या 'एलिव्हेट' या साधनाने ७ वरून ८ वर जाता येतं. आधी पूर्ण बॅकअप घ्यायचा, तो दुसऱ्या मशीनवर उतरवून उघडतो का ते बघायचं, तिथेच एलिव्हेट चालवून बघायचं, मग खऱ्या सर्व्हरला हात लावायचा. भाच्याला हेच सांगितलंय, आणि तोवर एसएसएच बाहेरच्या जगाला बंद ठेव, हेही.